दोघंही भारी, तरी डाव बरोबरीत: मग एवढा वेळ पटावर झालं काय?

लातूर, नांदेड, परभणी, कुठंही बघा, रविवारी एखाद्या शाळेच्या हॉलात नाहीतर मंगल कार्यालयात बुद्धिबळाची स्पर्धा भरलेली असते. आत लेकरं पटांवर वाकलेली, बाहेर आई-बाप सुशीला खात, चहा पीत बसलेले. डाव संपवून लेकरू बाहेर येतं. "काय झालं रे?" "बरोबरी." बापाचा चेहरा पडतो. "एवढा वेळ बसून बरोबरीच?" आणि पहिल्या पटावरचे दोन सगळ्यात तगडे खेळाडू हात मिळवून उठले, की एखादे काका हळूच म्हणतातच, "आधीच ठरलं असंल यांचं."

काकांचा संशय कधीकधी खरा असतो, त्याबद्दल पुढं सांगतोच. पण निकालाच्या कागदावर दोघांच्या नावापुढं अर्धा-अर्धा गुण दिसला म्हणून आत काय घडलं ते कळत नाही. एक बरोबरी सात तास घाम गाळून कमावलेली असते, दुसरी वीस मिनिटांत वाटून घेतलेली असते. दोन्हींचा भाव कागदावर एकच. फरक ओळखायला खेळाडू असण्याची गरज नाही, थोडी माहिती पुरते.

आधी हिशेब. जिंकला तर १, हरला तर ०, बरोबरी झाली तर दोघांना अर्धा-अर्धा. आंतरराष्ट्रीय रेटिंगमध्ये, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्यात, मात्र हा अर्धा गुण दोघांसाठी सारखा नसतो. समजा उदगीरच्या १६०० रेटिंगच्या मुलीनं पुण्याच्या १८०० च्या खेळाडूशी क्लासिकल, म्हणजे जास्त वेळाचा, डाव बरोबरीत सोडवला. २०० गुणांच्या फरकाला तिच्याकडून अपेक्षा असते साधारण ०.२४ गुणाची. तिनं मिळवला ०.५. म्हणजे अपेक्षेपेक्षा ०.२६ जास्त. अठराच्या आतल्या आणि २३०० च्या खालच्या खेळाडूंना या फरकाचा गुणक ४० असतो, म्हणून तिचं रेटिंग १०.४ नं वाढलं. समोरचा प्रौढ असेल तर त्याचा गुणक बहुधा २०, म्हणजे त्याचे ५.२ गेले. ती मुलगी बाहेर येऊन "बरोबरी" म्हणाली आणि बापानं कपाळाला आठ्या घातल्या, तर चूक बापाची.

आता मूळ प्रश्न. दोघं एवढे हुशार, तर एक जण दुसऱ्याला हरवत का नाही?

माळेगावच्या यात्रेतली कुस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. एक मल्ल पूर्ण वेळ वरचढ असतो, समोरच्याला खाली दाबून धरतो, पण पाठ टेकवता येत नाही. पाठ टेकली नाही तर चीतपट नाही. बुद्धिबळातही वरचढ असून भागत नाही, राजाला मात करावी लागते, आणि त्यासाठी लागणारी आघाडी लोकांना वाटते त्यापेक्षा मोठी असते.

किती मोठी? मोहऱ्यांची किंमत साधारण अशी धरतात: प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. शेवटी एकाकडं राजा आणि उंट राहिला, दुसऱ्याकडं नुसता राजा, तर तीन गुणांची आघाडी असूनही डाव बरोबरीत, कारण एकट्या उंटाला मात करताच येत नाही. दोन घोडे असले, म्हणजे सहा गुण, तरी समोरचा स्वतःहून चुकल्याशिवाय मात होत नाही.

याहून गमतीचा प्रकार कडेच्या प्याद्याचा. पांढऱ्याकडं एक उंट आणि एच पट्टीतलं, म्हणजे अगदी उजव्या कडेचं प्यादं. काळ्याकडं फक्त राजा. प्यादं एच-८ वर पोचलं की वजीर होणार. पण एच-८ हे काळं घर आहे. पांढऱ्याचा उंट पांढऱ्या घरांवरून चालणारा निघाला, आणि काळ्याचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला, तर त्याला तिथून हुसकून लावायला कोणीच नाही. फार दाबलं तर राजाला शह नाही पण हलायलाही जागा नाही, म्हणजे स्टेलमेट, म्हणजे बरोबरीच. चार गुणांची आघाडी एका घराच्या रंगापायी वाया. भारी खेळाडूला हे डाव संपायच्या वीस खेळ्या आधी दिसतं. मग तो मुद्दाम आपला घोडा देऊन समोरच्याची नेमकी ती प्यादी मारतो, ज्यामुळं शेवटी हेच चित्र उरेल. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं मोहरा हरवून बसलं.

हत्तींच्या एंडगेममध्ये, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यात, तर बरोबरीचं राज्यच आहे. एकाकडं हत्ती आणि प्यादं, दुसऱ्याकडं नुसता हत्ती: ही लढाई पटावर सारखी उद्भवते. ती कशी वाचवायची हे १८ व्या शतकात फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूनं दाखवून ठेवलं आहे. आपला राजा प्याद्याच्या वाटेत उभा ठेवायचा. हत्ती आडव्या ओळीत असा धरायचा की समोरच्या राजाला पुढं सरकता येऊ नये. ही ओळ हल्लेखोराच्या बाजूनं मोजली तर सहावी. तो वैतागून प्यादं त्या सहाव्या ओळीत ढकलतो. ढकललं रे ढकललं की आपला हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शहामागून शह द्यायचे. प्यादं पुढं गेल्यामुळं त्याच्या राजाला आडोसाच उरत नाही. एवढं माहीत असलेलं दहा वर्षांचं लेकरू ग्रँडमास्टरविरुद्धही ही स्थिती वाचवू शकतं. अट एकच, हात थरथरता कामा नयेत आणि घड्याळात थोडा वेळ शिल्लक पाहिजे.

ती अट लहान नाही. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये आपला गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन यांचा जगज्जेतेपदाचा चौदावा, शेवटचा डाव चालू होता. तोवर झालेल्या तेरा डावांपैकी नऊ बरोबरीत. याही डावात दोघांकडं हत्ती, उंट आणि गुकेशकडं एक प्यादं जास्त. अशा स्थितीत बरोबरी व्हायला हवी, सगळे तसंच धरून चालले होते. गुकेश उठला नाही. खेळत राहिला. पंचावन्नाव्या खेळीला डिंगनं हत्ती चुकीच्या घरात नेला, हत्ती आणि उंट दोन्हींची मारामारी अटळ झाली, आणि उरलेला राजा-प्याद्यांचा एंडगेम गुकेशच्या खिशात होता. अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. "बरोबरीच आहे की" आणि "बरोबरी झाली" या दोन गोष्टींमध्ये किती अंतर असतं, ते त्या एका खेळीत मावलं.

बरोबरीच्या तऱ्हा एकाच ठिकाणी बघायच्या तर लंडनमधली २०१८ ची जगज्जेतेपदाची लढत घ्यावी. तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन आणि त्याचा आव्हानवीर फॅबियानो कारुआना. रेटिंग २८३५ आणि २८३२, फरक फक्त तीन गुणांचा. क्लासिकलचे बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले. जगज्जेतेपदाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं आणि जगभर ओरड झाली की बुद्धिबळ मेलं. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, ओरडणाऱ्यांनी डाव उघडून बघितले नव्हते.

पहिला डाव ११५ खेळ्या, सुमारे सात तास चालला. कार्लसनकडं काळी मोहरी. कारुआना घड्याळाच्या कचाट्यात सापडलेला, काही खेळ्यांपर्यंत कार्लसन सरळ जिंकत होता. नेमका घाव बसला नाही. मग हत्तींचा एंडगेम, कार्लसनकडं एक प्यादं जास्त, आणि तासन् तास कारुआनाचा बचाव. हा डाव बरोबरीत सुटला म्हणून त्याला थंड म्हणणं म्हणजे नवल आहे.

सहावा डाव ८० खेळ्यांचा, आणि माझ्या मते सगळ्या लढतीतला सर्वांत विचित्र. इथं पारडं उलटं. कारुआनाकडं एक मोहरा जास्त, कार्लसनकडं त्या बदल्यात प्यादी. कार्लसननं मोहरी अशी रचली की आत शिरायला फटच नाही. या प्रकाराला बुद्धिबळात किल्ला म्हणतात. देवगिरी पाहिलेल्याला वेगळं समजावायला नको. पण नॉर्वेतल्या एका बलाढ्य संगणकानं फट शोधली: अडुसष्टाव्या खेळीला उंट एका विशिष्ट घरात न्यायचा, मग स्वतःचाच घोडा कोपऱ्याजवळ जवळजवळ कोंडून घ्यायचा, आणि पुढं तीसेक खेळ्यांनी मात. कुठला माणूस आपला घोडा आपणच कोंडेल? कारुआनाला ते दिसलं नाही, आणि त्याला त्याबद्दल बोल लावणारा ग्रँडमास्टर मला माहीत नाही. संगणकाच्या दृष्टीनं हरलेला डाव माणसांच्या जगात चोख बरोबरीचा होता.

आणि बारावा डाव. कार्लसनची स्थिती चांगली, घड्याळातही वेळ जास्त, तरी ३१ व्या खेळीला त्यानंच बरोबरीचा प्रस्ताव दिला. इथं मात्र काकांचा संशय जवळपास बरोबर होता, ठरवून नव्हे पण हिशेबानं. कार्लसनला माहीत होतं, बरोबरी झाली की टायब्रेकर जलद डावांचा, आणि जलद डावांत तो कारुआनापेक्षा बराच सरस. झालंही तसंच, टायब्रेकर त्यानं ३-० नं मारला. अनेक माजी विजेत्यांना तो प्रस्ताव भित्रा वाटला. मला तो कोरडा वाटला, भित्रा नव्हे. शेतकरी भाव चांगला मिळणार हे माहीत असेल तर आज सोयाबीन विकत नाही, एवढंच. तरी तिकीट काढून बघायला बसलेल्याला राग येणं साहजिक आहे.

खरोखर वाटून घेतलेल्या बरोबऱ्याही इतिहासात आहेत. १९६२ मध्ये कुरासाओ बेटावर जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा झाली. पेत्रोस्यान, केरेस आणि गेलर हे तीन सोव्हिएत खेळाडू आपसात बारा डाव खेळले आणि बाराही बरोबरीत, बहुतेक झटपट. आपसात दमायचं नाही, ताकद बाकीच्यांसाठी राखायची. त्याच स्पर्धेत खेळलेल्या अमेरिकेच्या बॉबी फिशरनं जाहीर आरोप केला, आणि त्यानंतर आव्हानवीर ठरवायची पद्धतच बदलली: सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायच्या ऐवजी दोघादोघांचे सामने. स्पर्धेत तिघं एकमेकांना सांभाळून घेऊ शकतात, समोरासमोरच्या सामन्यात कोण कोणाला सांभाळणार!

दुसऱ्या टोकाला १९८४ चं मॉस्को. जगज्जेता कार्पोव विरुद्ध आव्हानवीर कास्पारोव, जो आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, बरोबरीला किंमतच नाही. नऊ डावांत कार्पोव ४-० नं पुढं गेला. एकविशीतल्या कास्पारोवनं मग जोखीम घेणंच बंद केलं. सलग सतरा डाव बरोबरीत. सत्ताविसाव्यात कार्पोवचा पाचवा विजय, आता फक्त एक हवा. तो कधीच आला नाही. बरोबऱ्यांच्या आडून कास्पारोव शिकत राहिला, मग एक जिंकला, शेवटी लागोपाठ दोन जिंकला. ४८ डाव, ४० बरोबऱ्या, पाच महिने. फेब्रुवारी १९८५ मध्ये जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी सामना निकालाविनाच थांबवला. त्याच वर्षी नव्यानं, चोवीस डावांची मर्यादा घालून सामना झाला तेव्हा कास्पारोव जिंकला. त्या चाळीस बरोबऱ्या कंटाळवाण्या होत्या का? बऱ्याचशा होत्या. पण त्या नसत्या तर कास्पारोव १९८४ च्या हिवाळ्यातच संपला असता.

आयोजकांना अर्थातच कंटाळा परवडत नाही. २००५ साली बल्गेरियातल्या सोफियाच्या स्पर्धेत नियम केला की खेळाडूंनी आपसात बोलून बरोबरी करायची नाही. नॉर्वेतल्या मोठ्या स्पर्धेत तर बरोबरी झाली की लगेच आणखी एक छोटा डाव: पांढऱ्याला १० मिनिटं, काळ्याला ७, पण तो बरोबरीत सुटला तर काळा जिंकला असं धरायचं. बघायला मजा येते हे खरं. त्यानं खेळ जास्त खरा होतो असं मला वाटत नाही. दोघांनी बरोबर खेळलं तर बरोबरी होणं हा या खेळाचा स्वभावच दिसतो. गणितानं ते अजून सिद्ध झालेलं नाही, पण २०१७ मध्ये अल्फाझीरो या संगणक प्रणालीनं स्टॉकफिश या दुसऱ्या बुद्धिबळ प्रणालीशी शंभर डाव खेळले तेव्हा २८ जिंकले आणि ७२ बरोबरीत सुटले. न थकणाऱ्या, न घाबरणाऱ्या यंत्रांचा हा हिशेब.

आपल्याकडच्या रविवारच्या स्पर्धा बहुतेक रॅपिडच्या, म्हणजे कमी वेळाच्या. कमी वेळात चुका जास्त, चुका जास्त म्हणून निकाल जास्त. त्यामुळं क्लासिकल स्पर्धेला पुण्या-मुंबईला गेलेलं लेकरू एकामागून एक बरोबऱ्या घेऊन आलं की घरच्यांना ते अडखळल्यासारखं वाटतं. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी समोरासमोर होत्या. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत, पहिला रॅपिड डावही बरोबरीत, आणि दुसऱ्या रॅपिडला दिव्या जिंकली. त्या तीन बरोबऱ्यांत एकोणीस वर्षांची मुलगी तिच्या दुप्पट वयाच्या, दोनदा जागतिक रॅपिड जिंकलेल्या खेळाडूसमोर तसूभर हलली नव्हती.

पहिल्या पटावरचा डाव बरोबरीत सुटला आणि संशय आला, तर खेळ्या लिहिलेला कागद मागून बघावा. किती खेळ्या झाल्या? पंधरा-वीसात आटोपलं आणि शेवटची फेरी असून दोघांनाही अर्ध्या गुणावर बक्षीस पक्कं असेल, तर काका, तुमचं बरोबर आहे. साठ-सत्तर खेळ्या झाल्या असतील आणि पटावर राजांखेरीज दोन-चारच मोहरी उरली असतील, तर दोघांनी एकमेकांना पिळून काढलं आहे. मधे कुठंतरी एकच राजा सारखा शहामुळं पळतोय असं दिसलं, तर हरत आलेल्यानं शहांचा सपाटा लावून डाव वाचवला आहे. आणि तो वाचवताना समोरच्याच्या पोटात काय कालवलं असेल त्याची कल्पना करा.

नियमांचं एवढंच बघून ठेवा, कारण वाद इथंच होतात. बरोबरी विचारायची पद्धत ठरलेली आहे: आधी आपली खेळी करायची, मग तोंडानं प्रस्ताव द्यायचा, मग घड्याळ दाबायचं. समोरचा विचार करत असताना मधेच विचारायचं नाही, आणि सारखं सारखं तर नाहीच, ते त्रास देणं धरलं जातं. समोरच्यानं नकार दिला किंवा खेळायला मोहऱ्याला हात लावला की प्रस्ताव संपला. तीच स्थिती तिसऱ्यांदा येत असेल, किंवा पन्नास खेळ्यांत ना प्यादं हललं ना काही मारलं गेलं, तर बरोबरीचा दावा करता येतो. तीनदा म्हणजे लागोपाठच असं नाही, पण चाल तीनही वेळा त्याच खेळाडूची पाहिजे. आपल्या खेळीनं ती स्थिती येणार असेल तर खेळी कागदावर लिहायची, पटावर करायची नाही, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. बरीच लेकरं आधी खेळी करतात, घड्याळ दाबतात आणि मग ओरडतात, "सर, तीनदा झालं!" तोवर पाळी समोरच्याची झालेली असते आणि दाव्याचा हक्क गेलेला असतो. तीच स्थिती पाच वेळा आली किंवा पंच्याहत्तर खेळ्या तशाच झाल्या, तर मात्र कोणी मागो न मागो, डाव तिथंच बरोबरीत संपतो, पंच स्वतः तो थांबवतात.

बाहेर उभ्या आई-बापांसाठीही एक नियम आहे. दारातून हातानं "घे बरोबरी, घे" अशी खूण करणं म्हणजे बाहेरची मदत, आणि पंचांच्या नजरेत आलं तर त्याची किंमत लेकरू मोजतं.